एकाच संचिकेला दोन श्रेणी: वाचन-लेखनाच्या ऑनलाइन मूल्यमापनात शिक्षकांना केलेल्या मार्गदर्शनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एकाच व्यवस्थापनाखालील काही प्राथमिक शाळांनी तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी भाषेचे आकारिक मूल्यमापन ऑनलाइन विद्यार्थी संचिकेच्या आधारे करण्याचे ठरवले. शाळांची आणि व्यक्तींची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने एक डिजिटल फोल्डर असावे आणि त्यात सत्रभरात पाच गोष्टी जमा व्हाव्यात, अशी मूळ योजना होती: मोठ्याने केलेल्या वाचनाचे एक ध्वनिमुद्रण, वाचलेल्या मजकुरावरचा प्रतिसाद, मसुद्यांसह दोन लेखन आणि स्वतःच्या कामाविषयी विद्यार्थ्याने लिहिलेले चार शब्द. मूल्यमापनासाठी चार श्रेणींची एक निकषतालिका देण्यात आली होती. शिक्षकांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी भाषा अध्यापनाचा दीर्घ अनुभव असलेल्या एका शिक्षिकेकडे सोपवण्यात आली. त्यांचा उल्लेख पुढे ‘मार्गदर्शक’ असा केला आहे.

सुरुवातीची प्रशिक्षण सत्रे जवळजवळ पूर्णपणे तांत्रिक होती. फाइल कशी चढवायची, तिला नाव काय द्यायचे, वहीच्या पानाचा फोटो सावली न पडता कसा काढायचा, ध्वनिमुद्रण कोणत्या स्वरूपात साठवायचे, हे सविस्तर शिकवले गेले आणि शिक्षकांनी ते बऱ्यापैकी लवकर आत्मसातही केले. मात्र फोल्डरमध्ये आलेल्या कामाकडे पाहायचे कसे, याविषयी निकषतालिकेच्या पलीकडे काहीही सांगितले गेले नव्हते. निकष लिहून दिले म्हणजे ते सर्वांना सारखेच समजले, असे सगळ्यांनी मनाशी धरून ठेवले होते.

अडचण कशी समोर आली

सत्राच्या मध्यावर चौथीतील एका मुलीची तुकडी बदलली. तिची संचिका आधीच्या शिक्षिकेने तपासलेली होती, पण नव्या वर्गशिक्षकांना ते ठाऊक नसल्याने त्यांनीही ती नव्याने तपासली. लेखनात एकीने तिला सर्वोच्च म्हणजे चौथी श्रेणी दिली होती आणि दुसऱ्याने दुसरी. दोघेही अनुभवी, दोघेही मनापासून काम करणारे, आणि दोघांसमोर निकषतालिका तीच.

मार्गदर्शकांनी दोघांशी स्वतंत्रपणे बोलून कारणे समजून घेतली. संचिकेत चेंडू हरवल्याच्या प्रसंगावर लिहिलेले तीन मसुदे होते. पहिला मसुदा असा होता: ‘चेंडू हरवला. मी शोधला. सापडला. मी घरी गेले.’ शिक्षिकेने त्यावर ‘कुठे शोधलास? तेव्हा काय वाटत होतं?’ असे दोन प्रश्न लिहिले होते. दुसऱ्या मसुद्यात मुलीने लिहिले: ‘चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा दादा म्हणाला आता अंधार झाला उद्या बघू. पण मला झोप येइना. सकाळी गेले तर तो ओला होऊन जड झाला होता.’ तिसरा मसुदा संगणकावर टंकलिखित होता, त्यात एकही अशुद्ध शब्द नव्हता, आणि त्याचा शेवट ‘अखेर माझ्या अथक प्रयत्नांना यश आले’ या वाक्याने झाला होता.

चौथी श्रेणी देणाऱ्या शिक्षिकेने तिसरा मसुदा पाहिला होता. दुसरी श्रेणी देणाऱ्या सरांनी तिसरा मसुदा मुलीचा नाही असे मानून बाजूला ठेवला, दुसरा तपासला आणि अवतरणचिन्हे नसल्याने व ऱ्हस्व-दीर्घाची चूक असल्याने श्रेणी खाली आणली. ओल्या चेंडूचे जडपण टिपणारे ते वाक्य, जे माझ्या मते त्या संचिकेतील सर्वांत मोलाचे वाक्य आहे, दोघांपैकी एकाच्याही नोंदीत आले नव्हते.

हा प्रकार एकट्यादुकट्याचा आहे की सर्वत्र आहे, हे पाहण्यासाठी मार्गदर्शकांनी काही संचिकांवरील नावे झाकून त्या वेगवेगळ्या शिक्षकांकडे पुन्हा पाठवल्या. चित्र तेच होते. कोणी सर्वांत चांगले काम पाहून श्रेणी देत होते, कोणी सगळ्या कामांची सरासरी काढत होते, तर कोणी सर्वांत अलीकडचे काम प्रमाण मानत होते. वाचनात गोंधळ आणखी खोल होता. काही मुलांनी पाठ झालेला उतारा वाचून पाठवला होता आणि त्यांच्या वेगावर शिक्षक खूश होते. एका मुलाने अडखळत वाचले, तीन ठिकाणी चुकला आणि तिन्ही ठिकाणी स्वतःच थांबून दुरुस्त केले. त्याला ‘सराव आवश्यक’ असा शेरा मिळाला होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या वाटेवर परतण्याचा होता: संचिका बंद करून एक लेखी चाचणी घ्यावी. काही मुख्याध्यापकांचा कल तिकडे होता आणि त्यांचा युक्तिवाद फेटाळून लावण्याजोगा नव्हता, कारण सर्वांना सारखाच प्रश्न असला की तुलना सोपी होते. मात्र चाचणीत पहिला मसुदा दुसरा कसा होतो, हे दिसत नाही. आणि त्याच कारणासाठी संचिका सुरू केली होती.

दुसरा पर्याय निकषतालिका अधिक बारीक करण्याचा होता. प्रत्येक निकषाचे पाच-सहा उपनिकष पाडले की मतभेदाला जागा उरणार नाही, असे अनेकांना वाटत होते. येथे मार्गदर्शकांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याचा अनुभव बैठकीत मांडला. त्या राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस चौथी आणि आठवीच्या मुलांचे लेखन व गणित संचिकांच्या आधारे तपासायला सुरुवात केली. डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रँड या संस्थेतर्फे या उपक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा परीक्षकांमधील एकमत फारच कमी असल्याचे आढळले. गुंतागुंतीचे निकष, अपुरे प्रशिक्षण आणि प्रत्येक वर्गात वेगवेगळ्या प्रकारची कामे, अशी कारणे त्यामागे सांगितली गेली. पुढच्या वर्षी गणितात एकमत वाढले, लेखनात मात्र तेवढी सुधारणा झाली नाही. उपनिकषांची संख्या वाढवणे म्हणजे या तीन कारणांपैकी पहिले कारण आपल्या हातांनी अधिक बिकट करणे होते.

तिसरा पर्याय श्रेणी पूर्णपणे काढून टाकून केवळ शेरे देण्याचा होता. त्याच्या बाजूने भक्कम आधार होता. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना केवळ शेरे मिळाले त्यांची कामगिरी आणि गोडी टिकून राहिली, तर गुण आणि शेरे एकत्र मिळालेल्या मुलांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. शाळांना मात्र सत्राअखेर श्रेणी नोंदवणे भाग होते, त्यामुळे हा पर्याय पूर्णतः स्वीकारता येणार नव्हता.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. शिक्षकांनी एकत्र बसून तीच संचिका वाचावी, मतभेद कुठे होतो ते शोधावे, आणि त्यातून प्रत्येक श्रेणीचे आधार-नमुने (श्रेणी देताना तुलनेसाठी समोर ठेवायची मुलांची कामे) तयार करावेत, असा तो प्रस्ताव होता. अखेर तो निवडला गेला, आणि तिसऱ्या पर्यायातील एक भाग त्याला जोडला गेला: सत्र संपेपर्यंत श्रेणी मुलांना सांगायची नाही, त्यांच्याकडे केवळ शेरा जाईल.

पहिला निर्णयबिंदू: मुदत की व्याप्ती

एकत्र वाचनासाठी वेळ कुठून आणायचा, हा खरा पेच होता. मार्गदर्शकांनी मुदतवाढ मागितली; व्यवस्थापनाने ती नाकारली, कारण निकालाचे वेळापत्रक ठरलेले होते. त्या वेळी दोन मार्ग उरले होते. पाचही गोष्टी घाईघाईने तपासायच्या, किंवा संख्या कमी करून उरलेल्या गोष्टी नीट तपासायच्या. मार्गदर्शकांनी दुसरा मार्ग सुचवला आणि त्यासाठी थोडा आग्रहही धरला. पाचऐवजी तीन गोष्टी ठरल्या: अपरिचित उताऱ्याचे एक वाचन, त्यानंतर स्वतःच्या शब्दांत केलेले कथन, आणि सर्व मसुद्यांसह एक लेखन. हे लेखन कोणते असावे, ते विद्यार्थी ठरवेल.

हा निर्णय सर्वांना रुचला नाही. ज्या शिक्षिकांनी पाचही गोष्टी मेहनतीने गोळा केल्या होत्या, त्यांना आपले श्रम वाया गेल्यासारखे वाटले, आणि ते स्वाभाविक होते. जमा झालेले जादा काम फोल्डरमध्ये तसेच ठेवावे, पण श्रेणीसाठी धरू नये, अशी सोय करण्यात आली. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, कारण पुढचे सारे काही या मोकळ्या झालेल्या वेळावर उभे राहिले.

काय केले: एकत्र वाचन

पहिल्या ऑनलाइन बैठकीत बहुतेकांचे कॅमेरे बंद होते आणि मार्गदर्शकांनी प्रश्न विचारला की दोन-तीन ठरावीक आवाजच उत्तर देत. बैठक संपल्यावर एका ज्येष्ठ सरांचा वेगळा निरोप आला: ‘मॅडम, सगळ्यांसमोर माझी श्रेणी चुकली असं निघालं तर वर्गातल्या मुलांपुढे उभं राहणं अवघड जाईल.’ या एका वाक्याने बैठकीची रचना बदलली. मोठी बैठक बंद करून चार-चार शिक्षकांचे गट करण्यात आले. प्रत्येकाने बैठकीआधी तीन संचिका एकट्याने तपासायच्या आणि श्रेणी अशा तक्त्यात भरायच्या की इतरांनी काय भरले ते बैठक सुरू होईपर्यंत दिसणार नाही. मार्गदर्शकही त्याच संचिका तपासून स्वतःच्या श्रेणी त्याच तक्त्यात भरत असत. त्यांची श्रेणी वेगळी निघाली की त्यांनाही कारण द्यावे लागे.

चर्चेचा नियम साधा होता. मत मांडताना विद्यार्थ्याच्या कामातील नेमकी ओळ किंवा ध्वनिमुद्रणातील नेमकी जागा दाखवायची. ‘एकंदरीत छान लिहिलंय’ हे विधान चर्चेत चालणार नाही. श्रेणीत एका पायरीचा फरक असेल तर पुढे जायचे, दोन पायऱ्यांचा असेल तर थांबायचे.

चेंडूच्या तीन मसुद्यांवरची चर्चा सर्वांत लांबली. तिसरा मसुदा घरच्या मोठ्या माणसाने सुधारला असावा, यावर लवकरच एकमत झाले; पण मग त्याचे करायचे काय? एका शिक्षिकेचे म्हणणे होते की मदत मिळाली म्हणून मुलीला शिक्षा नको. दुसरीचे म्हणणे होते की ज्यांच्या घरी मदत करणारे कोणी नाही, त्यांच्यावर तो अन्याय होईल. यातून ‘मदतीची नोंद’ आकाराला आली. प्रत्येक कामासोबत तीनपैकी एक खूण करायची: स्वतः केले, सूचना मिळाल्यावर केले, किंवा कोणी सोबत बसून केले. मदत घेतल्याने श्रेणी कमी होत नाही, पण श्रेणी देताना शिक्षकाने कोणता मसुदा प्रमाण मानला, ते लिहिणे बंधनकारक झाले. हस्तलिखित मसुद्यांचे फोटो खाडाखोडीसह जपायचे, हेही ठरले. टंकलिखित प्रतीत मूल कुठे थांबले आणि काय खोडले, ते नाहीसे होते.

निकषांची भाषा याच चर्चांतून बदलली. ‘विचारांची सुसंगती चांगली आहे’ या वाक्याच्या जागी ‘एका घटनेनंतर दुसरी का घडली, हे वाचकाला विचारावे लागत नाही’ असे लिहिले गेले. शुद्धलेखनाचा निकष वेगळा काढण्यात आला, म्हणजे ‘येइना’मधील ऱ्हस्व इ संपूर्ण लेखनाची श्रेणी खाली ओढणार नाही.

काय केले: वाचनाची नोंद

वाचनासाठी न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी विकसित केलेल्या वाचन-नोंदीच्या पद्धतीचा आधार घेतला गेला. मूल वाचत असताना शिक्षक उताऱ्याच्या प्रतीवर बरोबर वाचलेले, बदललेले, गाळलेले आणि स्वतः दुरुस्त केलेले शब्द खुणांनी टिपतात. एकूण शब्दांतून चुका वजा करून टक्केवारी काढली जाते. १२० शब्दांच्या उताऱ्यात ९ चुका झाल्या, तर अचूकता ९२.५ टक्के येते. साधारणपणे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक अचूकता असेल तर तो उतारा मुलाला स्वतंत्रपणे वाचता येण्याजोगा, ९० ते ९४ टक्के असेल तर शिकवण्यासाठी योग्य, आणि ९० च्या खाली असेल तर सध्या अवघड मानला जातो. स्वतः दुरुस्त केलेला शब्द चूक धरला जात नाही. अडखळत वाचणाऱ्या त्या मुलाचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना हे सर्वांच्या ध्यानात आले: तीन ठिकाणी अर्थ जुळेना म्हणून तो मागे गेला होता, म्हणजे वाचताना तो अर्थावर लक्ष ठेवून होता.

चुकांच्या प्रकाराकडे पाहण्यात शिक्षकांचा रस झपाट्याने वाढला. ‘दरवाजा’ऐवजी ‘दार’ वाचणाऱ्या मुलाला अर्थ कळलेला असतो, अक्षरांकडे मात्र त्याचे पुरेसे लक्ष नसते. ‘पाणी’ऐवजी ‘पाऊस’ वाचणारा पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधत असतो. दोन्ही चुका एकेकच मोजल्या जातात, पण पुढे शिकवायचे काय, ते दोघांसाठी वेगळे असते. एक वाद मात्र तापला. घरच्या बोलीप्रमाणे ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ करणाऱ्या मुलाच्या नोंदीत एका शिक्षिकेने तो शब्द प्रत्येक वेळी चूक धरला होता. मूल शब्द ओळखते आहे आणि आपल्या बोलीत उच्चारते आहे, तेव्हा ती वाचनाची चूक नव्हे, ही भूमिका मार्गदर्शकांनी ठामपणे मांडली आणि तिच्यापुरती चर्चा खुली ठेवली नाही. मला हा ठामपणा योग्य वाटतो. तसे केले नसते तर प्रमाण बोली घरी न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची अचूकता विनाकारण घसरली असती.

दुसऱ्या टोकाला, जवळजवळ निर्दोष वाचणारी एक मुलगी उताऱ्यात काय घडले, ते दोन वाक्यांतही सांगू शकली नाही. केवळ टक्केवारी पाहिली असती तर ती वर्गातील उत्तम वाचक ठरली असती. त्यानंतर कथनाशिवाय आलेले ध्वनिमुद्रण अपूर्ण मानायचे ठरले.

दुसरा निर्णयबिंदू: वहीत लिहिणारे सर

निरोप पाठवणारे ते सर ऑनलाइन शेरे लिहायला तयार नव्हते. मुलांच्या वहीत समासात शेरे लिहिण्याची त्यांची पद्धत होती आणि ते शेरे खरोखर चांगले होते. नियमाप्रमाणे त्यांना ठरलेल्या चौकटीतच लिहायला लावता आले असते. मार्गदर्शकांनी त्यांना वहीच्या पानाचा फोटो चढवण्याची मुभा दिली आणि त्यातील काही शेरे, त्यांच्या परवानगीने, इतरांना नमुना म्हणून दाखवले. पुढच्या बैठकीत सरांचा कॅमेरा सुरू होता.

परिणाम

दुसऱ्या फेरीत नव्या संचिका तपासल्या, तेव्हा दोन पायऱ्यांचे मतभेद क्वचितच उरले होते. एका पायरीचे राहिले आणि ते बहुतेक दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या सीमेवर होते. हे निष्कर्ष जपून वाचायला हवेत. श्रेणी चारच असतील आणि प्रत्येक श्रेणी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर दोन व्यक्तींच्या श्रेणी केवळ योगायोगाने चारांतून एकदा जुळतात. शिवाय शिक्षक बहुतांश मुलांना मधल्याच श्रेणी देत असतील, तर योगायोगाने जुळण्याचे प्रमाण आणखी वाढते. तेव्हा एकमत वाढल्यापेक्षा, मतभेद झाला तर त्याचे कारण आता कामाकडे बोट ठेवून सांगता येते, ही प्रगती मला अधिक भरवशाची वाटते.

शेऱ्यांत झालेला बदल स्पष्ट होता. ‘छान, अजून प्रयत्न कर’ याच्या जागी ‘चेंडू जड झाला हे तू लिहिलंस म्हणून तो ओला होता हे मला जाणवलं, तसंच दादाच्या बोलण्याभोवती चिन्हं घालून पाहा’ असे शेरे दिसू लागले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कामाविषयी केलेले लेखन, जिथे ते आले, तिथे मात्र ‘मला हे आवडले’ याच्या पुढे गेले नाही. त्या भागावर कोणी काम केले नव्हते, आणि मुले आपोआप तसे लिहू लागत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

तांत्रिक प्रशिक्षणाआधी एक संचिका कागदावर एकत्र वाचली असती, तर सत्राचा पहिला अर्धा भाग वाया गेला नसता. हा बदल सर्वांत स्वस्त आहे. पालकांना मदतीच्या नोंदीविषयी सुरुवातीलाच सांगायला हवे होते. ती मध्येच लागू झाल्याने काही घरांना आपल्यावर संशय घेतला जातो आहे असे वाटले, आणि ते दूर करण्यात वर्गशिक्षकांचा बराच वेळ गेला.

आधार-नमुने निवडताना ठळक, उठून दिसणारी कामे घेतली गेली. उत्तम आणि कच्चे काम ओळखायला नमुन्याची गरज फारशी लागत नाही. गरज लागते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या मधल्या कामांसाठी, आणि मतभेदही तिथेच उरले. पुढील सत्रासाठी प्रत्येक गटाने सीमेवरची दोन कामे, दोन्ही बाजूंच्या कारणांसह, आधीच बाजूला काढून ठेवावीत असे ठरले आहे. गटांची सरमिसळ करण्याचाही विचार आहे, कारण तेच चार जण पुन्हा पुन्हा एकत्र बसले तर एकमत त्या चौघांपुरतेच राहण्याचा धोका असतो.

मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे वर्ष संपल्यावर कोणाकडे राहणार, कोण ती ऐकू शकणार आणि ती केव्हा पुसली जाणार, याचा निर्णय योजनेच्या आरंभी झाला नव्हता. आता पालकांच्या लेखी संमतीच्या अर्जात तो स्पष्टपणे नमूद केला आहे, आणि विद्यार्थी पुढच्या वर्गात गेल्यावर नव्या शिक्षकाकडे केवळ शेवटचे ध्वनिमुद्रण व त्याची वाचन-नोंद सोपवली जाणार आहे.